ताडपत्री उचलून तरी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायट्यांच्या आवारात ताडपत्री घालून वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांबद्दल एका वाचकाचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापले. अशा गाड्यांमुळे डास होतात, आगीची भीती असते, म्हणून मालकाला महिन्याची मुदत द्यावी, तेवढ्यात त्याने गाडी रस्त्यावर चालवून दाखवली नाही तर सरळ भंगारवाल्याला बोलवावे, अशी त्यांची सूचना आहे. त्या पत्राचे कात्रण दुसऱ्याच दिवशी आमच्या एरंडवण्यातल्या सोसायटीच्या फलकावर लागले आणि येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत त्याच आशयाचा, अशा गाड्या सरसकट भंगारात काढण्याचा ठराव आला. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

ठराव माझ्या गाडीबद्दल नाही. माझी गाडी आता चालते. ठराव आहे तो दुसऱ्या मजल्यावरच्या सव्वीस वर्षांच्या मुलाच्या गाडीबद्दल. त्याच्या आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड त्याने दोन वर्षांपूर्वी गावाहून टेम्पोत घालून आणली आणि सुट्टीच्या दिवशी तो ती एकेक भाग सोडवत दुरुस्त करतो आहे. कात्रण वाचल्यापासून तो गप्प आहे. परवा जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, वजनावर काय मिळेल तिचं?" मला रात्रभर झोप आली नाही. कारण माझी गाडी त्याच जागेत, तशाच ताडपत्रीखाली दहा वर्षे उभी होती, आणि मलाही दोनदा नोटीस आली होती.

मी औंधच्या आयटीआयमधून शिकलेला फिटर. भोसरीत एका टूलरूममध्ये अडतीस वर्षे काढली. निवृत्त झाल्यावर, २०१३ साली, ग्रॅच्युइटीतला मोठा हिस्सा घालून कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यामागच्या शेडमधून एमजी टीडी विकत घेतली, १९५१ सालची. दोन माणसांची, उघडी, स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत अशा २९,६६४ गाड्या बनल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, आपल्याकडे फार थोड्या आल्या. इंजिन १२५० सीसीचे, ताकद जेमतेम ५४ अश्वशक्ती. आजची साधी घरगुती गाडीसुद्धा यापेक्षा जोरकस असते. पण लहानपणी लष्करातल्या एका अधिकाऱ्याला अशाच गाडीतून ईस्ट स्ट्रीटवरून जाताना मी पाहिले होते. समोरची काच पुढे आडवी पाडलेली, पुढच्या चाकांवरून मागे वाहत गेलेले लांब मडगार्ड. ते चित्र डोक्यातून कधी गेले नाही.

गाडी आली तेव्हा इंजिन जाम होते. अशा वेळी स्टार्टर मारायचा नसतो, ओढून सुरू करायची तर मुळीच नाही. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये रॉकेल आणि इंजिन ऑइल अर्धे-अर्धे ओतले आणि वाट पाहिली. रोज सकाळी फिरून आलो की पुढून हँडल लावायचे, दोन्ही हातांनी हलका दाब द्यायचा, सोडून द्यायचे. जोर करायचा नाही. तेविसाव्या दिवशी हँडल अर्धे बोट हलले. त्या दिवशी पार्किंगमधून जाणाऱ्याला काय दिसले असेल? ताडपत्रीच्या कडेने बाहेर आलेले एका म्हाताऱ्याचे पाय. "वर्षभरात काही हालचाल नाही" असे पहिल्या नोटिशीत लिहिले होते. ते लिहिणाऱ्याचा दोष नाही. ही हालचाल अर्ध्या बोटाचीच असते.

पुढे मी एक मोठी चूक केली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीचा, एक नट खराब होता. नट ज्या आट्याच्या दांड्यावर बसतो त्या स्टडवर मोजायचा व्हर्नियर लावला, आठ एमएम भरला, म्हणून बाजारातला आठ एमएमचा नट घेतला आणि दोन आट्यांनंतर अडकला तरी पाना लावून पुढे नेला. स्टड तुटला. अडतीस वर्षे मोजमाप करून पोट भरलेल्या माणसाने आट्यांचा गेज न लावता नट फिरवावा, याची लाज मला आजही वाटते. तुटलेला स्टड काढायला चार रविवार गेले. मग नीट मोजले तेव्हा कळले की या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बारीक, आठ एमएमला एक एमएमचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर. बाजारातल्या नेहमीच्या नटाचा पिच सव्वा एमएम. आणि बोल्टची डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाची! इंग्रजी गाडीत असे का, याचा शोध घेतला. एमजी ज्या मॉरिस समूहातली, त्या मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रे फ्रेंच मापाचे आटे पाडणारी. मॉरिसने यंत्रे तशीच ठेवली, पण गॅरेजवाल्यांचे पाने चालावेत म्हणून डोकी व्हिटवर्थची केली. त्या एका सौद्याची सावली तीस वर्षांनंतरच्या गाडीवर पडली आणि तिथून एरंडवण्यातल्या माझ्या हातावर. असे आटे पाडणारे आठ बाय एकचे टॅप आणि डाय बोहरी आळीत मिळाले. व्हिटवर्थचे पाने जुन्या बाजारात मिळाले. बुधवारी आणि रविवारी तिथे गोणपाटावर लोखंडाचा ढीग ओतलेला असतो. त्यातून सात रविवारांत पाच पाने निवडले. ज्याला ते भंगार वाटते त्याने एकदा तिथे उकिडवे बसून पाहावे.

आता लाकडाबद्दल सांगतो, कारण या गाडीत लाकूड आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. टीडीची चासी लोखंडी, बाहेरचा पत्राही लोखंडी, पण मधला सांगाडा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा. पत्रा त्या सांगाड्यावर दुमडून खिळ्यांनी बसवलेला. हूड, म्हणजे कापडी छत, जिथे टेकतो तिथून पाणी आत शिरते, खाली उतरते, आणि दाराच्या खांबांचा तळ सगळ्यात आधी कुजतो. माझ्या गाडीचा उजवा खांब हातात घेतला तर टोस्टसारखा चुरला. त्यावरून साचा घेण्याची सोयच राहिली नाही. नशिबाने डावी बाजू शाबूत होती. तिच्यावरून प्लायचे साचे कापले, ते उलटे करून उजवीकडची मापे काढली. चासीवरून बॉडी उचलण्याआधी दारांच्या जागी लोखंडी पट्ट्यांचे आडवे-तिरपे टेकू द्यावे लागतात, नाहीतर टोपलीसारखी बॉडी वाकडी होते आणि नंतर दार कधीच बसत नाही. टेकू देण्यातच पावसाळा संपला.

ॲश पुण्यात कुठून मिळणार? कोणी बाभूळ सुचवली, कोणी धावडा. बैलगाडीच्या कामाची लाकडे, चिवट. पण सुकताना पिळवटतील ही भीती. शेवटी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. तिथे पाडलेल्या वाड्यांचा साग येतो. शंभर-शंभर वर्षे छताखाली सुकलेला, काळा पडलेला, चुन्याचे डाग असलेला. मला एक तुळई मिळाली. शनिवार पेठेतल्या कुठल्याशा वाड्याची, एवढेच दुकानदाराला माहीत होते. रंधा मारल्यावर आतून मधासारखा रंग निघाला आणि सगळ्या पार्किंगमध्ये वास दरवळला. सागाला अंगचे तेल असते, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. जोडाच्या जागा थिनरने पुसून लगेच चिकटवाव्या लागतात. आमच्याकडे पूर्वी देव्हारा करून गेलेल्या एका सुतारांनी मला खाच आणि तिच्यात बसणारे कुसू कसे काढायचे ते शिकवले. लोखंडात काम केलेल्या माणसाला लाकडाची सवय नसते. लोखंड जे माप देईल त्यावर ठाम असते, लाकूड पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. त्यांनी सांगितले, "दाराची फट आत्ता गच्च ठेवू नका, श्रावणात उघडणार नाही." पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवली. श्रावणात दार उघडले.

डाव्या बाजूचे मागचे मडगार्ड तळाशी चाळणीसारखे झाले होते. डेंटिंगवाल्यांकडे घेऊन गेलो तर दोघांनी सांगितले, फायबर मारू, वर लांबी (पुट्टी) भरू, रंगाखाली काही दिसणार नाही. दिसणार नाही हे खरे, पण गंज आत तसाच राहतो आणि लांबी फुगून येते. मला पत्रा पत्र्यानेच बुजवायचा होता. तेव्हा आठवली कसबा पेठेतली तांबट आळी. लहानपणी आईबरोबर बंब कल्हई करायला तिथे गेलो होतो. पेशवाईपासून तिथे तांब्याची भांडी ठोकून घडवतात. सपाट पत्र्यातून हंड्याचे पोट काढणाऱ्याला मडगार्डची कड काय अवघड, असा माझा हिशेब.

जे तांबट मला भेटले त्यांचे वय माझ्याहून जास्त, दुकान मुलाकडे दिलेले. त्यांनी तो पत्रा बोटाच्या पेराने वाजवून पाहिला आणि परत केला. म्हणाले, "तांबं ऐकतं. हे भांडतं." मी चार वेळा गेलो. चौथ्यांदा रिकाम्या हाताने न जाता वीस गेजचा नवा पत्रा कापून, त्यावर खडूने वळण काढून घेऊन गेलो. तेव्हा त्यांनी हातोडी उचलली.

त्या दोन दुपारी मी जे शिकलो ते टूलरूममध्ये अडतीस वर्षांत शिकलो नव्हतो. ठोके मारले की धातू दोन गोष्टी करतो, पसरतो आणि कडक होतो. भांड्यावर जे मठारकाम दिसते, ती नुसती नक्षी नाही, त्या हजार ठोक्यांनी पातळ पत्र्याला ताठपणा येतो. फार कडक झाला की पुढे फाटतो, म्हणून तांबे लाल तापवून पाण्यात बुडवतात, मऊ होते. लोखंडाला असे पाण्यात घालून चालत नाही, तापवून सावकाश निवू द्यावे लागते. पसरवणे सोपे, आक्रसवणे अवघड. कडेला पत्रा जास्त झाला, लाटा आल्या, तर लाटेच्या माथ्यावर रुपयाएवढी जागा गॅसने लाल करायची, भोवतीने ठोकत आत आणायची आणि ओले फडके दाबायचे. लाट बसते. ते हातोडी मारताना पत्र्याकडे पाहत नव्हते, ऐकत होते. आतला खुंट नेमका ठोक्याखाली असला की आवाज भरीव येतो, सरकला की पोकळ. मी डोळ्यांनी तपासायला कार्डबोर्डचा साचा लावत होतो, ते तळहात फिरवत होते. माझा साचा बरोबर म्हणाला तिथे त्यांच्या तळहाताला उंचवटा लागला. साच्यापेक्षा तळहात खरा होता, हे नंतर रंग दिल्यावर आरशासारख्या चमकेत दिसले. मी पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी पत्र्याचे जे वाजवी होते तेवढे घेतले आणि मुलाला हाक मारून ते मडगार्ड दाखवले. मागच्या वर्षी ते गेले.

बाकीची कामे भराभर सांगतो. हूड नाना पेठेत रिक्षांचे हूड शिवणाऱ्या कारागिराने शिवला, एका दिवसात, आणि तो आजवर गळला नाही. टायर अँबॅसेडरचे बसले. तिचे माप ५.९०-१५, टीडीचे मूळ ५.५०-१५, किंचित रुंद होतात पण चालतात. सिलिंडर वीस थाऊने (इंचाच्या वीस हजारांशांनी) बोअर करून रुंद केले, पिस्टन विलायतेहून मागवावे लागले. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ हवेच्या पंपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधावी. हे हेराल्डवाल्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितले आणि आपल्या वाचकांपैकी कोणी असे काम करत असेल तर त्यांनाही सांगतो.

शेजाऱ्यांचा त्रास मी नाकारत नाही. सुरुवातीला बारीकसारीक भाग मी पार्किंगमध्येच स्प्रेने रंगवले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी खाली येऊन सांगितले की वासाने त्यांच्या सासूबाईंना दम लागतो. त्या बरोबर होत्या. हल्लीच्या, दोन घटक मिसळून मारायच्या टू-के रंगांत आयसोसायनेट असते, ते श्वासाला फार वाईट, साध्या रुमालाने अडत नाही. त्या दिवसापासून घरी रंगाचा एक थेंब उडवला नाही, सगळे भोसरीत बंद खोलीत करून घेतले. गंज काढायला बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरीचा चार्जर, निगेटिव्हला गंजलेला भाग आणि पॉझिटिव्हला टाकाऊ लोखंड, अशी व्यवस्था केली होती. बुडबुडे पाहून वॉचमन घाबरला. तो हायड्रोजन असतो, उघड्यावर निघून जातो, पण मी समजावून सांगायला हवे होते ते आधी सांगितले नाही. दुपारी एक ते चार हातोडी उचलायची नाही हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळले.

आपल्या पत्रलेखकाचे डासांबद्दलचे म्हणणेही खरे. ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचले की डेंग्यूच्या डासांची सोय होते. मी ताडपत्रीखाली बांबूची कमान केली होती, पाणी वाहून जायचे. आगीची भीतीही खरी. म्हणूनच गाडी आली त्या दिवशी टाकी रिकामी केली, बॅटरी काढून घरात ठेवली. तसेही आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही. १९५१ च्या गाडीत असे पेट्रोल महिनोन्महिने ठेवणे म्हणजे टाकीला आतून गंज लावणे. मी सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि आजही गाडी उभी करायची असेल तर टाकी उपसतो.

इंजिन सुरू झाले ते २०२२ च्या डिसेंबरात, एका गुरुवारी सकाळी. या गाडीला एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारी उपकरणे. त्यांची रचना मला फार आवडते. आत एक पिस्टन असतो, इंजिन जितकी हवा ओढेल तितका तो वर उठतो, त्याच्या खाली निमुळती सुई, ती जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, जितकी वर येईल तितके पेट्रोल जास्त. एकच जेट, सगळ्या वेगांना पुरतो. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. सूंऽऽ असा आवाज दोन्हीकडे एकसारखा आला पाहिजे. माझा उजवा कान कारखान्यात गेला, म्हणून ते काम या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने केले. तेव्हा तो कॉलेजात होता. अर्धा तास नळी इकडून तिकडे करून तो म्हणाला, "काका, आता एकच आवाज येतोय." त्यानंतर सहा महिन्यांनी त्याने आजोबांच्या हेराल्डची चौकशी सुरू केली.

हेराल्ड ही काही ऐरीगैरी गाडी नाही. ट्रायम्फची मूळ रचना, इटालियन आरेखक मिकेलोत्ती यांनी आखलेली, मद्रासला १९६१ पासून बनत असे. पुढचे सगळे बॉनेट मडगार्डसकट पुढे उघडते, इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करता येते. स्पिटफायर नावाची ट्रायम्फची प्रसिद्ध स्पोर्ट्स गाडी या हेराल्डचीच चासी आखूड करून केली. तिची चासी बॉडीपासून वेगळी आहे, म्हणजे घरच्या घरी, एका माणसाला, हळूहळू दुरुस्त करता येईल अशी ती शेवटच्या काही गाड्यांपैकी. आजच्या गाड्या एकसंध पत्र्याच्या असतात, त्यांना असे उलगडता येत नाही. शिकायला यापेक्षा चांगली गाडी मिळणार नाही, आणि हा मुलगा शिकतो आहे. त्याचा आटा कधी चुकत नाही. त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून गेज आहे.

आता कायद्याचे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे नूतनीकरणाला ५,०००, मुदत दहा वर्षे. आणि नियमात स्पष्ट आहे की अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच काढायची. आपल्या पत्रलेखकाची कसोटी आहे "रस्त्यावर चालवून दाखवा". ज्या गाडीने एरवी उभेच राहावे असे नियम सांगतो, ती उभी आहे म्हणून तिला भंगार ठरवायचे, हा कुठला न्याय? आणि दुरुस्तीला महिना? माझा उजवा खांब महिन्याभरात तयारसुद्धा झाला नसता.

हा श्रीमंतांचा शौक आहे, त्यांनी भाड्याने गॅरेज घ्यावे, असेही सभेच्या नोटिशीखाली कोणीतरी पेनाने लिहिले आहे. मला पेन्शन नाही, भविष्यनिर्वाह निधीच्या व्याजावर घर चालते. माझ्याकडे वेळ होता आणि हात होते. दहा वर्षांत जे खर्च झाले ते सुतार, तांबट, हूडवाले, बोअरिंगवाले, जुन्या बाजारातले विक्रेते, भवानी पेठेतले लाकूडवाले यांच्याकडे गेले. हेराल्डवाल्या मुलाच्या पगारातले पैसेही त्यांच्याकडेच जात आहेत.

बेवारस गाड्या उचलाव्यात, याला माझा विरोध नाही. टायर बसलेले, काचा फुटलेल्या, मालकाचा पत्ता नाही, आत उंदरांची वस्ती, अशा गाड्या आमच्याही गल्लीत आहेत आणि त्यांच्यामुळे रुग्णवाहिका अडलेली मी पाहिली आहे. त्या जरूर न्या. पण नेण्याआधी एकदा ताडपत्री उचलून पाहा. काम चालू असलेली गाडी ओळखणे अवघड नाही. ती टायरवर नसते, चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवलेली असते. खाली ट्रे ठेवलेला असतो. काढलेले नट-बोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत असतात. मी श्रीखंडाचे डबे वापरले, या मुलाकडे आइस्क्रीमचे आहेत. मालकाचे नाव आणि घरनंबर लिहिलेली पाटी लावण्याची सक्ती करा, टाकी रिकामी आहे की नाही हे सोसायटीने दर सहा महिन्यांनी तपासावे, पाणी साचले तर दंड घ्या. मी आणि तो मुलगा, दोघेही लेखी द्यायला तयार आहोत. सरसकट हा शब्द तेवढा ठरावातून काढा.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. सोसायट्यांमध्ये असे ठराव करू पाहणाऱ्या सगळ्यांनाच बोलवावेसे वाटते, पण आमच्या गच्चीवर तेवढी जागा नाही. मी जाताना दोन वस्तू घेऊन जाणार आहे. उजव्या दाराचा मूळ खांब, जेवढा उरला तेवढा, वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवला आहे. आणि त्याच्या मापाचा नवा खांब करताना उरलेला, शनिवार पेठेतल्या त्या तुळईचा वीतभर तुकडा. दोन्ही सभासदांच्या हातात देईन. हेराल्डवाला मुलगा बोलायला लाजतो, पण त्या दिवशी त्याने ताडपत्री काढून बॉनेट उघडून ठेवायचे कबूल केले आहे. सभा संपल्यावर सगळ्यांनी खाली यावे.

आपला,
एक निवृत्त फिटर,
एरंडवणे, पुणे